एकट्याचं दळण

कामाच्या आठवणी माणसानं निवृत्त झाल्यावर लिहाव्यात, एवढं मला कळतं. मी अजून बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. माझी नोकरी म्हणजे कॉलेज सुटल्यावरचे तीन तास आणि महिन्यातले एक-दोन रविवार. पण आमच्या मराठीच्या बाई म्हणाल्या, "बाकीची मुलं आईवर नाहीतर शेतावर लिहितात. तू जे काम करतेस त्यावर लिही. ते कुणाला माहीत नाही." म्हणून लिहायला बसले. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मी चौकशी करते. सोयरीक ठरवण्याआधी मुलाकडचे मुलीची आणि मुलीकडचे मुलाची जी माहिती काढतात, ती काढून देणारी एक खोली धाराशिवला कोर्टाच्या मागच्या गल्लीत आहे. खाली पिठाची गिरणी, वर आमची खोली. गिरणी चालू झाली की खिडकीची काच थरथरते, टेबलावरचं पेन सरकत सरकत कडेला येतं, आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या कागदांवर पिठाचा पातळ थर बसतो. पाटीवर फक्त 'माहिती व चौकशी' एवढंच लिहिलं आहे. त्यामुळं आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी जिना चढून येतं आणि तुळजापूरची गाडी किती वाजता आहे ते विचारतं.

गावात माझ्या चुलत्यांना हे काम पसंत पडलं नव्हतं. पोरीच्या जातीनं लोकांच्या घरात नाक कशाला खुपसायचं, असं ते म्हणाले. आई म्हणाली, "भावजी, तुमी पारावर बसून रोज फुकट खुपसता. हिला पगार तरी मिळतोय."

खोली जमादार काकांची. ते पोलिसात हवालदार होते, पण आमच्याकडची जुनी माणसं हवालदाराला अजून जमादारच म्हणतात. तेच नाव त्यांना चिकटलं. उंच, वाळलेले, दोन्ही गुडघे दुखणारे. पहिल्या दिवशी त्यांनी मला तीनच प्रश्न विचारले.

"कुठली गं तू?"

"परंडा तालुक्यातली."

"वडील काय करत्यात?"

"मेंढरं हायत. आता चारणीला बाहेर गेल्यात."

"बाहेर म्हंजी कुठं?"

मला सांगता येईना. दादा, म्हणजे माझे वडील, दिवाळीनंतर मेंढरं घेऊन निघतात, ते पावसाळ्याच्या तोंडावर परत येतात. मधे कुठं असतात हे फोन लागला तरच कळतं. मी म्हणाले, "शोधायचं झालं तर वाटंवरच्या हॉटेलात विचारते. मेंढरं कवा गेली, किती होती, म्हातारं कुत्रं संगं होतं का. कुत्रं दिसलं नसंल तर ती दुसऱ्याची मेंढरं."

काका हसले नाहीत. म्हणाले, "उद्यापासून ये."

आता हे काम कसं चालतं ते सांगते. सिनेमात बघून लोकांना वाटतं की आमच्याकडं दुर्बीण असेल, छुपा कॅमेरा असेल. आमचं हत्यार म्हणजे कापडी पिशवीतली दोन किलो ज्वारी. परक्या गावात पोरगी नुसती उभी राहिली तर चार जण विचारतात, कुणाकडं आलीस? पण हातात दळण असेल तर ती कुणाकडं तरी आलेलीच असते. गिरणीवर पिशवी रांगेत लावायची आणि कट्ट्यावर बसायचं. अर्धा तास मिळतो. गिरणीवर बायका जे बोलतात ते देवळात बोलत नाहीत. मशीनच्या आवाजात मोठ्यानं बोलावं लागतं, त्यामुळं कान लावून बसावंही लागत नाही.

काकांचे नियम आहेत. ज्याची चौकशी आहे त्याच्या दारात पाय ठेवायचा नाही. त्याचं नाव आपण घ्यायचं नाही, शेजारच्याचं घ्यायचं, मग त्याचं नाव आपोआप येतं. आणि न विचारता पूर्ण उत्तर आलं, तर ते उत्तर शिकवलेलं समजायचं. त्यांनी स्वतः आखलेल्या फॉर्मवर शेवटी एक रकाना आहे, 'दळण'. कुठलं धान्य, किती किलो, किती दिवसांचं. मला आधी तो पोरकटपणा वाटला होता. काका म्हणाले, "पोरी, माणूस खोटं बोलतंय. त्याचा पिठाचा डबा बोलत न्हाय."

हे मला पहिल्याच महिन्यात पटलं. एका मुलाकडच्यांनी सांगितलं होतं की आमचं एकत्र कुटुंब आहे, तीन भाऊ, एक चूल. मी त्यांच्या गावातल्या गिरणीवर बसले होते. एकाच आडनावाचे तीन डबे रांगेत होते. तेवढ्यात एक बाई आली आणि आपला डबा उचलून रांगेत सगळ्यात मागं नेऊन ठेवला. गिरणीवाला म्हणाला, "काकू, तुमचा नंबर आला की."

"तिच्या मागं माझं दळू नका. तिचं मूठभर पीठ माझ्या डब्यात आलेलं मला चालायचं न्हाय."

ती म्हणजे तिची सख्खी जाऊ होती. गिरणीत आधीच्या माणसाचं थोडं पीठ अडकून राहतं आणि मागच्याच्या डब्यात उतरतं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण एवढ्यावरून तीन चुली आणि तीन चुलींमधलं वैर कळेल असं मला वाटलं नव्हतं.

गमतीची गिऱ्हाइकंही येतात. भूमकडची एक मुलगी स्वतःच आली होती, एकटी, तोंडाला ओढणी बांधून. म्हणाली, "शेती, नोकरी, वडलांनी सगळं बघितलंय. तुम्ही एवढंच काढा, मुलगा घोरतो का." मी काकांकडं बघितलं. काका गंभीरपणे म्हणाले, "लिहून घे." मुलगा रोज एकाच एसटीनं नोकरीला जायचा. मी दोन दिवस त्या गाडीनं गेले. घोरत होता. दुसऱ्या दिवशी कंडक्टरनंच सांगितलं, "ह्याचं तिकीट मी झोपेतच फाडतो." मुलीनं रिपोर्ट वाचला, थोडा वेळ विचार केला आणि म्हणाली, "चालंल. माझे वडील बी घोरतात. एकदम शांत घरात मला झोप न्हाय यायची." ते लग्न झालं.

एक गोष्ट मात्र सांगायला जड जाते. एका मुलाला लहानपणी फिट यायच्या. गिरणीवर एका म्हातारीनं सहज बोलता बोलता सांगितलं. मी लिहिलं. ते कामच होतं माझं. सोयरीक मोडली. पुढच्या वर्षी आमच्या वर्गात एक मुलगी आली, ती त्याची बहीण निघाली. ती मला ओळखत नाही. माझ्या शेजारी बसते, डबा खाताना लोणचं पुढं करते. मी घेते.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते सांगते.

काकांना सगळ्या जिल्ह्यातल्या घरांची माहिती, आणि काकांची माहिती कुणालाच नाही. एकटे राहतात, बायको वारली आहे, एवढंच मला ठाऊक होतं. गुडघ्यांमुळं जिना सारखा चढवत नाही, म्हणून त्यांचं दळण मीच खाली टाकायचे. आठ दिवसाला दीड किलो ज्वारी. खालच्या गिरणीचे शेख चाचा हसायचे. "जमादारसाबका दळण क्या, चिडियाका दाना. मशीन गरम हुनेके पैले खतम." मी वर येऊन हे सांगितलं की काका म्हणायचे, "त्याला म्हण, मशीन गार ठेवत जा."

कपाटात खालच्या कप्प्यात नाडीनं बांधलेली एक फाईल होती. गेल्या हिवाळ्यात काकांनी ती मला दिली. फॉर्मवर वरच्या ओळीत अशिलाचं नाव लिहायचं असतं. ती ओळ मोकळी होती. पत्ता उमरग्याचा. बाई विवाहित, नाव शैला. मी म्हणाले, "काका, लग्न झालेल्या बाईची कसली चौकशी?"

"अशिलाला पायजे."

"अशील कोण?"

"तुला काय करायचंय?"

प्रश्नही आमच्या नेहमीचे नव्हते. पगार नाही, जमीन नाही, स्वभाव नाही. काकांच्या बारीक अक्षरात तीनच ओळी होत्या. नवरा नीट वागवतो का. उन्हाळ्यात पाणी कुठून आणते. हसते का.

"हसते का, हे कसं काढायचं?"

"गिरणीवाल्याला विचार. त्यो सांगतो. तेवढं लिहून आण." मग मी जिना उतरत असताना काका वरून पुन्हा म्हणाले, "दारात जायाचं न्हाय बरं का."

रविवारी सकाळच्या एसटीनं निघाले. तुळजापूर, नळदुर्ग करत उमरग्याला पोचायला बारा वाजले. हायवेवर ट्रकांची रांग, धूळ, कानडी पाट्या. एवढ्या लांब दोन किलोचं ओझं कशाला वाहायचं, असा विचार करून मी ज्वारी नेली नव्हती. या कामात एवढी साधी चूक दुसरं कुणी करणार नाही.

गिरणी मल्लप्पा नावाच्या एका जाड मिशांच्या माणसाची होती. मी नेहमीसारखी सुरुवात केली. म्हणाले, "या गल्लीत भाड्यानं खोली मिळंल का? मला इथं कोर्स करायचाय."

"शैलाक्काच्या शेजारी बघा," मल्लप्पा एका दमात म्हणाला. "चांगली वस्ती. शैलाक्का लई सुखी. मालक दवाखान्यात कामाला, तिला फुलासारखी ठेवतो. नळ दारात, उन्हाळ्याला बी पाणी. आन हसती बी लई."

मी पेन उघडलंसुद्धा नव्हतं. तीनही प्रश्नांची उत्तरं आली होती, त्याच क्रमानं.

मी विषय बदलला. रांगेत एक छोटा डबा होता, झाकणावर निळ्या रंगानं 'शै' काढलेलं. मल्लप्पानं तो काट्यावर ठेवला. दोन किलो. मी सहज विचारलं, "हे किती दिवसाचं वो?"

"रविवार ते रविवार," तो म्हणाला, आणि मग एकदम मिशीवरून हात फिरवून पलीकडं बघायला लागला.

मी उठले. गल्लीच्या तोंडाशी मागून आवाज आला, "ए पोरी. जमादारांची ना?"

पस्तिशीची एक बाई. साडी नीट खोचलेली, कानात बारीक खडे. ती म्हणाली, "न्हाय म्हणू नको. दळण न आणता गिरणीवर बसलेली पोरगी अख्ख्या तालुक्यात तू एकटीच. आधीचे दोघं निदान ज्वारी तरी घेऊन आले होते. चल, चहा पी."

"मला दारात जायचं नसतं."

"ठाऊक हाय. त्यो नियम माझ्यासमोरच झालाय," ती म्हणाली. "त्यांची लेक हाय मी."

तिनं माझा हात धरला. मी गेले.

बाहेर दोरीवर धुतलेला पुरुषाचा एक शर्ट वाळत होता, निळ्या रेघांचा. आत एक खोली. एक ताट पालथं घातलेलं. दाराशी एकाच मापाच्या चपला. मी बसले आणि नुसती बघत राहिले. ताई गॅसकडं तोंड करून म्हणाल्या, "दोन वर्षं झाली त्यांना जाऊन. तापाचं निमित्त झालं. मी आता त्याच दवाखान्यात केसपेपर लिहिते."

"मग तो शर्ट?"

"दर रविवारी धुते. कुणी चौकशीला आलंच तर बाहेरून दिसावा." चहा गाळताना त्यांचा हात थांबला. "आन मला बी दिसावा."

त्यांनी सांगितलं ते थोडक्यात असं. अकरा वर्षांपूर्वी त्यांनी स्वतःच्या पसंतीचा मुलगा सांगितला. जात वेगळी. काका तेव्हा पोलिसात होते, पण सोयरिकीची चौकशी लोक तेव्हाही त्यांच्याकडूनच करून घ्यायचे. त्यांनी लेकीसाठीही चौकशी केली आणि घरी येऊन सांगितलं की मुलगा पितो, नाद सोड. शैलाताईंनी आठ दिवसांनी त्यांची खिशातली वही उघडून बघितली. त्यात लिहिलं होतं, 'निर्व्यसनी. आईला सांभाळतो. हसतमुख.'

"माझ्या बापानं आख्ख्या जन्मात एकच खोटा रिपोर्ट दिला," ताई म्हणाल्या. "त्यो मला दिला."

त्या रात्रभर बसल्या आणि सकाळी निघून गेल्या. काका गेले नाहीत, त्या आल्या नाहीत. तीन वर्षांनी पहिला माणूस ज्वारीची पिशवी घेऊन मल्लप्पाच्या कट्ट्यावर येऊन बसला. ताईंनी त्याला लगेच ओळखलं. तो बिचारा घाबरला आणि त्यानं फॉर्मच दाखवला. तेव्हापासून वर्षातून दोनदा कुणीतरी येतं, आणि मल्लप्पा पाठ केलेलं म्हणून दाखवतो.

"मी त्याला म्हणलं होतं, जरा थांबून थांबून सांगत जा," ताई म्हणाल्या, आणि हसल्या. त्या खरंच छान हसतात. मग म्हणाल्या, "तू बी तसंच लिही. सुखी हाय."

"पण ताई, त्यांना कळलं तर ते येतील."

"येतील म्हणूनच. नऊ वर्षं माझा माणूस होता, तवा न्हाय आले. आता त्यो न्हाय, तर कीव करायला येतील. मला तसलं येणं नको. मला शबूद दे."

मी शब्द दिला.

परतीच्या गाडीत खिडकीशी बसून मी एक फोन लावला. दादांचा लागला नाही. नळदुर्गच्या अलीकडं रानात मेंढरांचा एक कळप दिसला. मी उगाच वाकून कुत्रं शोधलं. कुत्रं नव्हतं.

हॉस्टेलवर रिपोर्ट लिहिला. नवरा नीट वागवतो. पाणी दारात. हसते, हो. हात सवयीनं खाली खाली गेला आणि दळणाचा रकानाही भरला. ज्वारी, दोन किलो, आठ दिवस. गव्हाची जागा मोकळी ठेवली, कारण गहू नव्हता. कागद घडी घालून पिशवीत ठेवला. मी काय केलं हे मला तेव्हा कळलंच नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी लाईट गेली होती. गिरणी बंद, खोलीत कधी नसते एवढी शांतता. काकांनी चष्मा लावून रिपोर्ट वाचला. 'हसते, हो' या ओळीवर ते बराच वेळ थांबले. त्यांचा चेहरा सैल पडला. मला वाटलं, झालं, पार पडलं.

मग त्यांचं बोट खाली आलं.

"दोन किलो," ते म्हणाले.

मी टेबलावरचं पीठ पुसायला लागले.

"आधीच्या दोघांनी हा रकाना कवाच भरला न्हाय. मी रागवायचो त्यांना." ते उठले, गुडघ्यावर हात देऊन कोपऱ्यातला आपला डबा उचलून आणला आणि टेबलावर ठेवला. "माझं दीड. पोरी, दोन माणसांचं दोन किलोत आठ दिवस भागतं व्हय?"

"चपात्या खात असतील, काका."

"गहू तू मोकळा सोडलायस."

मी खाली बघत राहिले. माझ्या हातातून काहीतरी पडून फुटलं आहे आणि ते गोळा करता येणार नाही, असं वाटत होतं.

"कवा?" काकांनी विचारलं.

"दोन वर्षं झाली."

ते खिडकीशी गेले. तिथून खालच्या गल्लीशिवाय काही दिसत नाही. पाठमोरेच म्हणाले, "चांगलं पोरगं होतं ते." मग पुन्हा म्हणाले, "तिनं सांगू नको म्हणलं असंल."

"व्हय. शबूद घेतला होता."

"मग तू कुठं सांगितलंस? डब्यानं सांगितलं."

हे त्यांनी माझ्यासाठी म्हटलं. त्यानं माझा शब्द मोडला गेला तो काही जुळत नाही. पण तेवढ्यानं मला बोलायचा धीर आला. मी म्हणाले, "काका, तुम्ही कीव करायला गेलेलं त्यांना नकोय."

लाईट आली. खाली चाचांनी मशीन चालू केलं आणि पेन कडेकडं सरकायला लागलं.

पुढच्या रविवारी मला फॉर्म फाईलला लावायचे होते म्हणून मी सकाळीच खोलीवर गेले. काका आधीच आलेले. इस्त्रीचा सदरा, पायात बूट, मांडीवर कापडी पिशवी. पिशवीत ज्वारी.

"काका, द्या. मी टाकते खाली."

"खालची गिरणी बंद हाय," काका म्हणाले.

खिडकीची काच थरथरत होती. चाचा कुणाला तरी ओरडून नंबर सांगत होते. मी काकांकडं बघितलं. ते माझ्याकडं बघत नव्हते.

"उमरग्याकडं चांगलं बारीक दळून मिळतं म्हणं," ते म्हणाले, आणि कठडा धरून एकेक पायरी उतरत गेले.

सोमवारी खोली उघडली नाही. मंगळवारी काका आले, डबा कोपऱ्यात ठेवला आणि कामाला लागले. मी विचारलं नाही. ज्याची चौकशी आहे त्याच्या दारात जायचं नसतं. संध्याकाळी त्यांनीच सांगायला सुरुवात केली, जणू दुसऱ्या कुणाचा रिपोर्ट सांगत आहेत.

"कट्ट्यावर बसलो होतो. ती आली. डबा ठेवला. मला बघितलं. मल्लप्पा म्हणला, कुणाचं आधी? ती बोलली न्हाय. तिचा डबा पुढं होता, मग तिचं दळलं."

"आणि?"

"झाल्यावर डबा कडंवर घेतला. जाताना म्हणली, घाला, तुमचा नंबर हाय."

"एवढंच?"

"एवढंच. अकरा वर्षांनी." त्यांनी डब्याचं झाकण काढलं. पांढरं, बारीक पीठ. त्यात त्यांनी बोट घातलं नाही, नुसतं बघितलं. "तिच्या मागं माझं दळलं. आदल्याचं मूठभर येतंय ह्यात."

त्या आठवड्यात त्यांनी माझ्याकडं दळण दिलं नाही. पुढच्याही नाही. चाचा मला जिन्यात अडवून विचारतात, "क्या बेटा, जमादारसाब खाना छोड दिये क्या?" मी काहीतरी सांगते. काका अजून तिच्या दारापर्यंत गेलेले नाहीत. कट्ट्यावर बसतात, तिच्या मागं नंबर लावतात, दुपारच्या गाडीनं परत येतात. दोघंही आपापल्या घरी जाऊन एकेकटीच भाकरी खातात. सगळं नीट झालं असं मला लिहिता येत नाही, कारण झालेलं नाही.

हा लेख लिहून झाल्यावर मी काकांना वाचायला दिला. नावं बदलली आहेत म्हणून सांगितलं. त्यांनी परीक्षेचा पेपर तपासावा तसा दोनदा वाचला. मी म्हणाले, "काका, शैलाताईंना विचारल्याशिवाय मी हा देणार नाही. रविवारी जाऊन विचारून येऊ का?"

"तू कशाला? तुला न्यायला ज्वारी सुद्धा ध्यानात राहत न्हाय," काका म्हणाले. "मी विचारतो."

त्यांनी कागद प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळले आणि कापडी पिशवीत ज्वारीच्या वर ठेवले. मग थोडा विचार करून ते काढले आणि ज्वारीच्या खाली, तळाशी घातले. म्हणजे दळण ओतून झाल्यावरच बाहेर काढता येतील. तोवर तिचं दळून झालेलं असेल आणि ती जायला निघालेली असेल, हे त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण त्यांनी ते पुन्हा वर ठेवले. चाळीस वर्षं लोकांना प्रश्न विचारलेला माणूस एक प्रश्न कसा विचारायचा याची तयारी करत होता.

हे पान मी ते गेल्यावर लिहिते आहे. हा लेख तुमच्या हातात असेल, तर ताईंनी हो म्हटलं असं समजा, आणि हो म्हणायला त्यांना काकांशी बोलावं लागलं असंही समजा.

निघताना काका दारात थांबले. पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मी या कामात खरं ते लिहायला शिकले आहे, आणि ज्यांनी शिकवलं ते माझ्यासमोर उभे होते.

"खालची गिरणी..." ते म्हणाले.

पेन कडेला आलं होतं. मी ते पडायच्या आत धरलं.

"व्हय काका," मी म्हणाले, "बंदच हाय."